हेल्मेट मजबूत नको, दबणारं हवं



हेल्मेटच्या कोणत्याही दुकानापुढे किंवा रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगापुढे पाच मिनिटं उभे राहा आणि गिऱ्हाईक काय करतं ते बघा. ते हेल्मेट उचलतं, वरून टकटक करून बघतं, दोन्ही हातांनी दाबून बघतं. विकणाराही हुशार असतो. तो हेल्मेट फरशीवर आपटून दाखवतो. हेल्मेट टणकन उसळी मारतं आणि साधा ओरखडाही येत नाही. मग तो म्हणतो, "बघा साहेब, लोखंड आहे लोखंड!" सौदा पक्का.

माझं आजचं भांडण या 'लोखंड'शी आहे. दवाखान्यात येणारे लोकही मला हाच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराला गाडी घेतली, मजबूत हेल्मेट कोणतं घ्यावं?" मी म्हणतो, मजबूत घेऊच नका. पडल्यावर जे खराब होईल ते घ्या. लोकांना वाटतं डॉक्टर थट्टा करतायत.

थट्टा नाही. नीट समजावून सांगतो, थोडं शाळेतलं विज्ञान लागेल.

घरातला तांब्या घ्या, पितळेचा किंवा स्टीलचा. बोटांनी हलकासा दाबा आणि सोडा. तो किंचित आत जातो आणि परत पहिल्यासारखा होतो. शाळेत याला आपण स्थितिस्थापकता म्हणायचो. आता तोच तांब्या हातातून निसटून फरशीवर पडला तर? पोचा येतो. तो पोचा आपोआप कधीच निघत नाही. धातू जिथपर्यंत परत येतो आणि जिथून पुढे परत येत नाही, त्या सीमेला इंजिनिअर मंडळी 'यील्ड पॉइंट' म्हणतात. ती ओलांडल्यावर होणाऱ्या कायमच्या बदलाला म्हणतात प्लास्टिक विरूपण. इथे प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नव्हे. मळलेल्या कणकेत बोट रुतवलं की खड्डा तसाच राहतो, तो हा प्लास्टिकपणा. पितळेत तो असतो, स्टीलमध्ये असतो आणि कितीतरी पॉलिमरमध्येही असतो. प्लास्टिकची मोजपट्टी जोरात वाकवली की वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते, बघितलीच असेल तुम्ही. तो त्या पट्टीचा पोचाच समजा.

आता महत्त्वाची गोष्ट. पोचा पाडायला जी ऊर्जा लागली, ती त्या पोच्यातच खर्ची पडली. ती परत मिळत नाही. रबरी चेंडू फरशीवर आपटला की आपली ऊर्जा परत घेऊन उसळतो. कणकेचा गोळा आपटला की थप्पकन तिथेच बसतो. तुमचं डोकं डांबरावर आपटणार असेल, तर मध्ये चेंडू हवा की कणीक?

हिशेब करून बघू. उभ्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. तिथून ते खाली आलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो. गाडी चालू असण्याची गरजच नाही. उभ्या गाडीवरून पाय घसरून पडलात तरी जवळपास हाच वेग. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. उघडं डोकं डांबरावर आदळलं तर कातडी आणि हाड मिळून, समजा, तीन मिलिमीटर दबतील. दीडशे सेंटिमीटर भागिले शून्य पूर्णांक तीन, म्हणजे पाचशे. डोक्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सरासरी पाचशे पट जोर येतो. डोक्याचं वजन पाच किलो धरा. झाले पंचवीस क्विंटल. मध्ये दोन सेंटिमीटर दबणारं काहीतरी असेल, तर दीडशे भागिले दोन, म्हणजे पंचाहत्तर पट. पावणेचार क्विंटल. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्या भागातल्या माणसाला पोत्यांची भाषा कळते म्हणून सांगतो: एकीकडे सोयाबीनची क्विंटलभराची पंचवीस पोती, दुसरीकडे चारही नाहीत. हा सगळा भार सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात येतो आणि जातो.

हा फरक ते दोन सेंटिमीटर करतात. बाहेरचं चकचकीत कवच नव्हे. कवचाचं काम टोकदार दगड आत शिरू न देणं, मार पसरवणं आणि डांबरावरून घसरत जाणं एवढंच. खरा जीव वाचवणारा भाग आतल्या कापडी अस्तराच्या मागे दडलेला असतो: पांढरा किंवा काळा, थर्माकोलचा जाड थर. टीव्हीच्या खोक्यात येतं त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असते, ती पॉलिस्टायरीनच्या बारीक बारीक बंद कप्प्यांत कोंडलेली. डोकं आतून जोरात दाबलं गेलं की या कप्प्यांच्या भिंती एकामागून एक वाकतात, चुरगळतात. गंमत अशी की चुरगळणं एकदा सुरू झालं की बराच वेळ जोर फारसा वाढत नाही, जवळजवळ एकाच पातळीवर राहतो. थर दबत जातो, डोकं हळू होत जातं. कप्पे पार चेंगरले की मात्र जोर एकदम चढतो, म्हणून थराला जाडी हवी.

आता स्पंजवाल्या टोपीकडे वळू. बाजारात अर्ध्या डोक्याची, आत नुसता मऊ स्पंज लावलेली टोपी हेल्मेट म्हणून विकली जाते. घालायला छान, हलकी. स्पंज बोटाने दाबला तरी सपाट होतो. पाच किलोचं डोकं वीसच्या वेगाने आलं की तो पहिल्याच क्षणी संपतो आणि पुढे डोकं थेट कवचावर आदळतं. बांधकामावरची पिवळी टोपी घालून गाडी चालवणारेही दिसतात. ती वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे, गाडीवरून पडणाऱ्या माणसासाठी नाही. आणि दुकानदाराने आपटून उसळवून दाखवलेलं ते 'लोखंड'? उसळणं हा गुण नव्हेच. डोकं वीसच्या वेगाने खाली आलं आणि पंधराच्या वेगाने परत उसळलं, तर मेंदूला बसलेला हिसका पस्तीसचा झाला. रिकामं हेल्मेट आपटून काहीही सिद्ध होत नाही, कारण आतल्या थराला दाबणारं डोकं त्यात नसतं.

आपली पूर्णा रेल्वेची. रेल्वेत नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, बंद रुळाच्या टोकाला वाळूचा ढीग का घालतात. थांबू न शकलेलं इंजिन त्या वाळूत रुतावं म्हणून. तिथे काँक्रीटची मजबूत भिंत बांधली असती तर इंजिन थांबलं असतंच, पण कसं थांबलं असतं हे ड्रायव्हरला विचारायला तो उरला नसता. वाळू हलते, पसरते, इंजिनाचा जोर पिते आणि परत देत नाही. दुसऱ्या दिवशी गँगमन येऊन तो ढीग पुन्हा रचतो. हेल्मेटच्या थराचा ढीग पुन्हा रचता येत नाही. त्यावर पुढे येतो.

मोटारींच्या बाबतीतही जगाने हा धडा मेहनतीने शिकला. जुन्या गाड्यांचं कौतुक करणारे काका प्रत्येक घरात असतात, "पूर्वीची गाडी झाडाला धडकली तरी पत्रा वाकत नव्हता!" बरोबर आहे काका, पत्रा वाकत नव्हता म्हणून आतला माणूस वाकत होता. बेला बारेनी या इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की गाडीचं नाक आणि शेपूट चुरगळायला हवं आणि मधली माणसं बसायची पेटी तेवढी टिकायला हवी. १९५९ मध्ये मर्सिडीजने तशी गाडी बाजारात आणली. आज तुमच्या गाडीचं नाक किरकोळ धडकेत चेपतं आणि गॅरेजवाला लांबलचक बिल देतो, तेव्हा शिव्या घालण्याआधी हे आठवा. तो पत्रा स्टीलचा पोचा घेऊन तुमच्या बरगड्या वाचवत होता. आणि आपले हौशी लोक काय करतात? नव्या कोऱ्या जीपला पुढे जाडजूड लोखंडी बुलबार ठोकतात. जो भाग वाकण्यासाठी बनवला, त्याच्यापुढे न वाकणारी पहार. धडकेचा जोर सरळ चॅसीत आणि तिथून आत. समोर पायी चालणारा आला तर त्याचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना या बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. तरी आमच्याकडे बुलबार अजून रुबाबाचं लक्षण आहे. पुढाऱ्याच्या गाडीला तर हवाच.

हेल्मेटही सुरुवातीला असं दबणारं नव्हतं. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते मरण त्यांच्या डोक्यात राहिलं. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो छापला, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पण चुरगळून ऊर्जा जिरवणाऱ्या अस्तराची कल्पना त्यानंतरची. अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याला तिचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. म्हणजे मजबूत टोपीकडून दबणाऱ्या टोपीकडे यायला जगाला बराच काळ लागला. आपण २०२० च्या दशकात दुकानापुढे उभं राहून उलट्या दिशेने चाललो आहोत.

आता डॉक्टर म्हणून आतलं सांगतो. कवटी थांबते तेव्हा मेंदू लगेच थांबत नाही. तो पाण्यातल्या मऊ गोळ्यासारखा पुढे जाऊन आतून हाडावर आपटतो, मग मागे येऊन दुसऱ्या बाजूला आपटतो. म्हणून कधीकधी मार कपाळावर असतो आणि रक्तस्राव मागच्या बाजूला. कवटीच्या आत, हाडाला लागून असलेली एखादी रक्तवाहिनी फाटली तर आणखी फसवा प्रकार होतो. माणूस उठून बसतो, चहा पितो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि दोन-चार तासांत गुंगीत जातो. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, एका बाजूची ताकद कमी होणं किंवा जास्त झोप येणं यातलं काहीही दिसलं तर "झोपू द्या त्याला, दमलाय" म्हणू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. आपल्या गावात मेंदूच्या ऑपरेशनची सोय नाही. नांदेड किंवा त्याहून लांब जावं लागतं, आणि वाटेतल्या प्रत्येक मिनिटाला आत रक्त साचत असतं.

एक घर सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. दोन भाऊ. मोठा भाऊ रात्री शेतावरून येताना गाडी घसरून पडला. हेल्मेट होतं, बाहेरून एक मोठा ओरखडा आला, डोक्याला काही झालं नाही. घरच्यांना त्या हेल्मेटचं इतकं अप्रूप वाटलं की आईने त्याला हळदी-कुंकू लावलं. वर्षाने धाकटा नांदेडला कॉलेजला जायला लागला तेव्हा तेच हेल्मेट, ओरखड्यावर काळा रंग मारून, मोठ्या विश्वासाने त्याला दिलं गेलं. "दादाला वाचवलं, तुलाही वाचवेल." ऊसतोडीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना चमकपट्टी. धाकटा तिला मागून धडकला आणि उजव्या बाजूवर पडला.

तो वाचला. पण आता बोलताना शब्द सापडत नाहीत आणि उजवा हात उचलत नाही. कॉलेज सुटलं.

नंतर त्यांच्या वडिलांनी ते हेल्मेट माझ्याकडे आणलं. मी आतलं अस्तर ओढून काढलं. ओरखडा आणि रंग जिथे होते, त्याच्या आत थर्माकोल जागोजागी चपटा, घट्ट आणि तडकलेला होता. थोरल्याच्या अपघातात चेंगरलेला भाग कोणता आणि धाकट्याच्या अपघातातला कोणता, हे वेगळं करता येत नव्हतं. हेल्मेट नवं असतं तर मुलगा धडधाकट राहिला असता असं छातीठोक सांगणारा डॉक्टर खोटं बोलतो, मीही म्हणणार नाही. पण पहिल्या अपघातात खर्च झालेले सेंटिमीटर दुसऱ्या अपघातात उपलब्ध नव्हते, एवढं नक्की.

इथेच सगळी फसगत होते. वाकलेली तार सरळ केली तरी ती त्या जागी पहिल्यासारखी राहत नाही, अधिक ताठर होते, आणि पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. थर्माकोलचंही तसंच. चेंगरलेले कप्पे कडक होतात, दुसऱ्या माराला दबत नाहीत. शिवाय हा थर मार खाल्ल्यावर थोडासा परत फुगतो, बाहेरचं प्लास्टिकचं कवच तर उसळून पूर्ण मूळ आकारात येतं. त्यामुळे बाहेरून सगळं शाबूत दिसतं. तांब्या निदान पोचा दाखवतो, हेल्मेट पोचा लपवतो. ज्या हेल्मेटने एकदा डोकं वाचवलं, त्याची नोकरी संपली. हळदी-कुंकू लावा, फोटो काढा, पण डोक्यावर परत घालू नका. भावाला, मेहुण्याला, गड्याला तर मुळीच देऊ नका. आपलं फेकायचं झालेलं हेल्मेट गड्याला देणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. बोललो तर ब्लॉगची भाषा बिघडेल.

आता विरोधकांकडे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले. त्यातला मुख्य मुद्दा होता की शहराच्या गर्दीत वेग कमी, तिथे हेल्मेट कशाला, महामार्गावर घाला हवं तर. हाच मुद्दा मी आमच्या झीरो फाट्यापासून ते रेल्वे स्टेशनपर्यंत रोज ऐकतो, "गावातल्या गावात जायचंय डॉक्टर." वरचा हिशेब पुन्हा वाचा. त्यात गाडीचा वेग शून्य धरला होता. डोक्याला खाली आणायला पुरेशी असते ती आपली उंची. गाडीचा वेग जास्त असेल तर पुढे आदळण्याचा, दुसऱ्या गाडीखाली जाण्याचा धोका वाढतो, आणि तिथे हेल्मेटच्या ताकदीलाही मर्यादा आहेत, हे मान्य. उलट सांगायचं तर, कमी वेगाचं, साधं, बाजारातलं पडणं हेच हेल्मेटचं हक्काचं काम आहे.

मान मोडते म्हणतात. मानेच्या दुखापती हेल्मेटमुळे वाढतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. दुसरीकडे २००८ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरचे ६१ अभ्यास एकत्र तपासून, असं दिसलं की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. माझ्याकडे असं एखादं औषध असतं तर तुम्ही दुकानापुढे रांगा लावल्या असत्या. केस गळतात, हा आक्षेप तरुण मुलं घेतात. केस बहुधा आजोबांकडून आलेल्या गुणसूत्रांमुळे गळतात. घाम येतो, डोकं तापतं, हे मात्र खरं आहे. परभणी जिल्ह्याच्या मे महिन्यात हेल्मेट घालणं सुखाचं नाही, मी स्वतः घालतो म्हणून सांगतो. आत पातळ सुती रुमाल बांधा, हवेच्या फटी असलेलं घ्या, अस्तर धुवा. पण जाड टॉवेल गुंडाळून त्यावर हेल्मेट ठेवू नका, ते वर तरंगतं आणि पडताना निघून जातं.

सरकारलाही थोडं सुनावतो. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली होती. हेतू चांगला असेल. पण डोकं वाचवायची वस्तू पेट्रोलच्या आणि पावतीच्या हिशेबात गेली की माणूस सगळ्यात स्वस्त परवाना शोधतो. तो परवाना म्हणजे ही स्पंजची टोपी, हँडलला लटकवलेली, पोलिस दिसला की डोक्यावर. आणि पोलिसदादाही ती बघून सोडून देतात. खरं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच लिहिलं आहे की हेल्मेट आकाराने, साहित्याने आणि बनावटीने अपघातात संरक्षण देईल अशी वाजवी अपेक्षा ठेवता येईल असं असावं आणि पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं. १ जून २०२१ पासून तर आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला, विकायलाही बंदी आहे. मग ते रस्त्याच्या कडेचे ढीग कोणाच्या आशीर्वादाने लागतात? पावती फाडताना एकदा त्या ढिगाकडेही बघा की.

आणि मागे बसणाऱ्यांचं काय? केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. आमच्याकडे मालकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको, तिच्या मांडीवर लेकरू, दोघांचीही डोकी उघडी. फरशीला कोण मालक आणि कोण मालकीण कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, हे किती घरांत माहीत आहे?

तर घरी जा आणि आपलं हेल्मेट उलटं करा. आतलं कापड बाजूला करा. बहुतेकांत ते निघतं. मागे बोटभर जाडीचा, नखाने दाबला तर किंचित खूण पडेल असा घट्ट थर्माकोल सगळीकडे, कानशिलांवर आणि मागेही आहे का बघा. नसेल तर ते हेल्मेट नव्हे. एखाद्या जागी तो चपटा, चकचकीत, तडकलेला किंवा कवचापासून सुटलेला असेल तर संपलं. कवचावर केसासारखी भेग किंवा न पुसली जाणारी पांढरट रेघ दिसली तरी संपलं. मागच्या चिन्हात आयएस ४१५१ आणि परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकून खरा आहे का बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. हेल्मेट रिकामं असताना हातातून पडलं म्हणून घाबरू नका, आत डोकं नव्हतं, थर सहसा दबत नाही. फक्त कवच तपासा. कवचाला पेट्रोल, थिनर लावून पुसू नका, घरी रंग मारू नका. काही प्लास्टिकं त्याने आतून ठिसूळ होतात, मग ती वाकत नाहीत, काचेसारखी फुटतात. गरम सायलेन्सरला टेकवून ठेवणंही टाळा. अपघात झाला नाही तरी उन्हा-घामात साधारण पाच वर्षांनी बदला. पट्टा लावायचा, त्यात दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. पट्टा न लावलेलं हेल्मेट अपघातात तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं.

अपघातातलं हेल्मेट भंगारवाल्याला अख्खं देऊ नका. ते धुऊन, पॉलिश होऊन कोणाच्या तरी डोक्यावर परत बसण्याची शक्यता असते. आधी पट्टे कात्रीने कापा, मग आतला थर्माकोल ओरबाडून काढा, मग द्या.

शंका असेल तर दवाखान्यात येताना हेल्मेट बाहेर गाडीला न लटकवता आत घेऊन या. अस्तर काढून मी बघून देईन, त्याची फी घेत नाही.